लाकडी कुंपणालगत उंच वाफा: कुंपणाला धक्का न लावता

2019 च्या ऑगस्टमध्ये आमचं लाकडी कुंपण शेजारच्या काकूंच्या तुळशीवर आडवं झालं. खाली कोल्हापुरात पंचगंगा पात्र सोडून पसरली होती, गावभर पुराचीच चर्चा होती. आमचं घर मात्र वर पाचगावच्या अंगाला, तिथं पुराचं पाणी यायचा प्रश्नच नाही. कुंपण पाडलं ते मी. दोन वर्षं आधी मी कुंपणापासून दोन फुटांवर फळ्या उभ्या केल्या, दोन्ही टोकं बंद केली आणि मधे काठोकाठ माती भरली. मागची भिंत आयतीच होती ना! पहिल्या वर्षी वांगी अशी लागली की गल्लीत वाटली. दुसऱ्या वर्षी कुंपण जरा कललेलं दिसलं, तेव्हा काकूंना विचारून त्यांच्या बाजूनं बांबूचा टेकू दिला आणि विसरून गेलो. तिसऱ्या पावसाळ्यात टेकूसकट सगळं गेलं.

दुरुस्तीला आलेल्या सुतारमामांनी मातीत असलेली फळी अंगठ्यानं दाबली. चहात बुडवलेल्या खारीसारखा अंगठा आत गेला. आतून वाळवी. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, कुंपान हाय हे. राधानगरीचं धरान न्हवं."

राधानगरीला निदान धरण भरलं की आपोआप उघडणारे सात दरवाजे आहेत. माझ्या वाफ्याला पाणी जायला एक भोकही नव्हतं.

पुढं त्याच जागी, त्याच मामांच्या हाताखाली बिगारी होऊन दुसरा वाफा बांधला. तो उभा आहे आणि कुंपणही उभं आहे. दोन्हींत फरक एकच: नवा वाफा कुंपणाला कुठंही टेकत नाही. त्याची पाठ त्याची स्वतःची आहे आणि दोघांच्या मधे वीतभर मोकळी फट आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीच्या आजूबाजूनं फिरतं.

ओल्या मातीचं वजन

दहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच एवढ्या वाफ्यात अठ्ठावीसेक घनफूट माल बसतो. पावसात भिजलेली खत-माती घनफुटाला चाळीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे टनाच्या वर वजन झालं. ते सगळं काही आडवं रेटत नाही, पण ओली माती बाजूला ढकलते आणि जितकी ओली तितकी जास्त ढकलते. कुंपणाचे खांब वारा आणि फार तर एखादं टेकलेलं म्हसरू सोसायला रोवलेले असतात. चार महिने एकाच बाजूनं असा रेटा त्यांना झेपत नाही.

दुसरं म्हणजे ओल. लाकूड भिजून वाळलं तर टिकतं, भिजून ओलंच राहिलं तर कुजतं. कुजक्या, अंधाऱ्या, मातीला लागलेल्या लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही. फटीमुळं वारा खेळतो, ऊन शिरतं आणि मुख्य म्हणजे आपल्याला दिसतं.

आधी कुंपण बघा

काम काढायच्या आधी एक पेचकस घ्या आणि कुंपणाचा प्रत्येक खांब जमिनीलगत टोचून बघा. टोक नुसतं ओरखडून थांबलं तर खांब धड आहे. अर्धा इंच सहज आत गेलं तर आधी तो खांब बदला, कारण वाफा झाल्यावर तिथं पहार चालवायला जागा उरत नाही. खांब हाताने हलवूनही बघा. फळ्यांची खालची कड जमिनीला टेकलेली असेल तर ती दोन इंच वर कापून घ्या. पावसाळ्यात पहिली तीच कुजते.

कुंपण सामाईक असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा. परवानगी म्हणून नव्हे, पण उद्या काही झालं तर चहा तरी मिळतो.

ऊन कुठल्या बाजूचं

ही गोष्ट लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि मग पालक पिवळा का पडला म्हणून विचारतात. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अंश उत्तरेला आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मधल्या काळात तो किंचित उत्तरेला असतो. बाकी वर्षभर दुपारचं ऊन दक्षिणेकडून. डिसेंबरच्या अखेरीस तर भरदुपारीही सूर्य पन्नास अंशांच्या वर चढत नाही.

आता हिशेब करा. कुंपण पाच फूट उंच, वाफ्याची माती दीड फुटावर, म्हणजे मातीच्या वर साडेतीन फूट कुंपण. डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली जवळजवळ तीन फूट पडते. कुंपण वाफ्याच्या दक्षिणेला असेल तर नऊ इंच फट आणि फळ्यांच्या जाडीसकट सव्वादोन फूट वाफा मिळून बरोबर तीन फूट, अख्खा वाफा सावलीत. ऐन भाजीच्या हंगामात! तिथं टोमॅटोचा नाद सोडा, अळू, पुदिना, आलं, हळद लावा.

कुंपण वाफ्याच्या उत्तरेला असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कोण नाही. पूर्वेचं कुंपण सकाळचं ऊन उशिरा देतं. पश्चिमेचं कुंपण उन्हाळ्यात उपकार करतं, एप्रिल-मेचं उतरतं ऊन ते अडवतं.

माप

रुंदी आतून दोन फूट. त्याच्यापुढं जाऊ नका. मोकळ्या जागेतला वाफा चार फुटी चालतो, कारण दोन्हीकडून हात पोचतो. इथं मागून हात घालायला जागा नाही, आणि पलीकडच्या मिरचीला पोचायला वाफ्यात पाय दिला की माती दाबली गेली. उंची दीड फूट. पाठीचा त्रास असेल तर दोन फूट करा, पण मग ताण जास्त, लाकूड जास्त, मातीही जास्त. लांबी दहा फूट. याहून लांब हवा असेल तर एकच वीस फुटी करण्यापेक्षा दहाचे दोन करा आणि मधे दीड फूट वाट सोडा. फट झाडायला त्याच वाटेनं जायचंय.

फट वीतभर, म्हणजे नऊ इंच. खराटा आडवा गेला पाहिजे हे तिचं माप. चार इंचांची फट ठेवली तर तिथं पालापाचोळा साचतो, पाचोळ्यात उंदीर येतो आणि उंदरामागं धामण येते. धामण बिचारी निरुपद्रवी, पण तिच्या जागी कधी नागही असतो. फटीची दोन्ही टोकं उघडी ठेवा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून तिथं विटा रचून बंद करणारे लोक मी पाहिलेत.

लाकूड

वखारीत जाऊन "वाफ्यासाठी पाहिजे" म्हणालात तर पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड पुढं करतील. ते एक पावसाळा काढतं. साग उत्तम, पण जुन्या वाड्याच्या तुळया-फळ्यांतला मिळाला तरच परवडतो. ऐन, किंजळ चांगले. मी ॲकेशिया घेतलं, ते वाळलेलं बघून. फळी सहा इंच रुंद, दीड इंच जाड. इंचाची फळी पोटात फुगते.

वखारीत घनफुटाचा भाव असतो, म्हणून हिशेब घरून करून जा. दहा फुटी फळ्या सहा, दोन फुटी फळ्या सहा. एकूण 72 धावते फूट, म्हणजे साडेचार घनफूट. तीन बाय तीन इंचाचे खांब दीड फुटी आठ, त्याचं पाऊण घनफूट. कापण्यातली तूट धरून सहा घनफूट सांगा.

काही गोष्टी फुकट मिळाल्या तरी नको. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. हिरवट झाक असलेल्या जुन्या प्रक्रिया केलेल्या खांबांत आर्सेनिक असू शकतं. आणि आपल्याकडं सर्रास चालणारा प्रकार म्हणजे गॅरेजमधलं जळकं ऑइल फळीला फासणं. गोठ्याच्या खांबाला कोणी लावत असेल, पण ज्या मातीतली कोथिंबीर आपण कच्ची खातो तिथं ते नको. कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन हात पुरे. प्लायवूडचा तर विचारच करू नका.

ज्यांना लाकूड नकोच त्यांना जांभ्याचे चिरे आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेला टणक होतो, आणि आपल्या पावसाला तो जुना सरावलेला आहे. पण चिऱ्याची जाडी दोन्ही बाजूंनी जागा खाते, खाली पाया धरावा लागतो आणि उद्या कुंपण बदलायचं झालं तर वाफा हलवता येत नाही. कुंपणालगत मी लाकूडच म्हणेन, चिरे फक्त पायाला.

केव्हा सुरुवात करायची

जोतिबाची चैत्र यात्रा झाली की काढा. जमीन कोरडी असते, लाकूड वाळलेलं असतं, वाफा मेमध्ये भरून होतो आणि वळवाचे दोन-चार पाऊस माती आपोआप बसवतात. मृग लागला की रोपं. जूनच्या चिखलात लेव्हल धरत बसण्यासारखं वैतागाचं काम नाही.

जमीन आणि पाया

कुंपणापासून नऊ इंचांवर दोरी ताणा, तिला समांतर आणखी सव्वादोन फुटांवर दुसरी. कोपरे गुण्याला आणायला सुतारांचा तीन-चार-पाच वापरा: एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, तिरपं अंतर पाच भरलं की काटकोन झाला.

आतलं गवत मुळासकट काढा. हरळी असेल तर दोन दिवस त्यातच घालवा, ती राहिली तर दीड फूट माती चढून वर येते. तळाची जमीन कुदळीनं वीतभर उकरून ढिली करा, काळ्या मातीत हे चुकवू नका. दाबलेल्या काळ्या जमिनीवर वाफा ठेवला तर खाली पाण्याची थाळी होते.

उतार कुंपणाकडून अंगणाकडं. दोन फुटांत अर्धा इंच पुरतो. फटीतली जमीन दोन इंच खरवडून तिथं पाऊण इंची खडी पसरा आणि फटीच्या लांबीतही दहा फुटाला दोन इंच उतार एका टोकाकडं द्या. कुंपणावरून निथळणारं पाणी तिथून वाहून गेलं पाहिजे.

मग दोऱ्यांच्या रेषेवर चिऱ्यांची किंवा चपट्या दगडांची एक ओळ. अर्धी जमिनीत, तीन-चार इंच वर. लेव्हल लावून एका पातळीत आणा. फळ्या यावर बसणार, जमिनीवर नाही. या ओळीनं वाळवी थांबत नाही, हे लक्षात ठेवा. ती दगडावरून मातीची बारीक नळी बांधत वर चढते. पण ती नळी आता उघड्यावर दिसते. फळी जमिनीत असती तर कळलंच नसतं.

बांधणी

इथं एक चूक सगळे करतात, मीही करणार होतो. पुढची बाजू आधी उभी करतात, मग टोकं, मग मागची. आणि मागच्या बाजूला स्क्रू मारायची वेळ येते तेव्हा कळतं की नऊ इंचांच्या फटीत ड्रिल मशीन सरळ धरता येत नाही.

म्हणून मागची बाजू आधी, तीही अंगणात आडवी टाकून. चार खांब जमिनीवर ठेवा: दोन टोकांचे, दोन मधले, साधारण सव्वातीन फुटांवर. टोकाचे खांब फळीच्या टोकाला भिडवायचे नाहीत. ते दीड इंच आत सरकवा. त्या दीड इंचात पुढं आखूड फळीची जाडी बसणार आहे. या दीड इंचाची सवय डोळ्याला नसते, म्हणून दोन फुटी फळीचाच एक तुकडा उभा धरून अंतर राखा, टेपपेक्षा ते बरं. त्यावर तीन लांब फळ्या ठेवा. फळ्यांमधे पोस्टकार्ड जाईल एवढी फट सोडा, लाकूड पावसात फुगतं.

प्रत्येक फळीला प्रत्येक खांबापाशी तीन इंची दोन स्क्रू, गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. साधे काळे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून डोकं सोडतात. आधी बारीक बिटनं भोक पाडा, नाहीतर फळीचं टोक तडकतं. एकूण 72 स्क्रू लागतात, 80 आणा, काही गवतात हरवतातच.

याच वेळी, ही बाजू आडवी असतानाच, तिच्या बाहेरच्या अंगाला जवसाचं तेल लावून वाळवा. पुन्हा त्या पाठीला ब्रश पोचणार नाही. मग दोघांनी उचलून दगडांच्या ओळीवर उभी करा. पुढची बाजू तशीच. दोन्हींच्या मधे आखूड फळ्या सारून टोकाकडून खांबांत स्क्रू मारा. एकाच खांबात दोन दिशांनी स्क्रू येतात, ते आत एकमेकांना भिडतात. म्हणून आखूड फळीचे स्क्रू अर्धा इंच वर-खाली करा. मशीन एकदम कुरकुरून थांबलं तर समजा, भिडले.

आता ताण. चार कोपरे एकमेकांना धरून असतात, पोट फुगतं ते मधल्या खांबांशी. समोरासमोरच्या मधल्या खांबांच्या आतल्या अंगाला, वरून सहा इंचांवर, एकेक कडीचा स्क्रू बसवा. दोन कड्यांतून दहा गेजची जीआय तार दुहेरी ओवून टोकं पिळून बांधा. मग दोन तारांच्या मधे एक मोठा खिळा घालून पीळ देत जा. तार ताठ झाली, फळी अगदी केसभर आत आली की थांबा. सुतारमामा तारेवर टिचकी मारून आवाज ऐकत होते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांना समाधान वाटेपर्यंत मी पीळ देत राहिलो. तार मातीत गाडली जाते, दिसत नाही.

आतून फळ्यांना जाड प्लास्टिकचं अस्तर लावा. शेततळ्याच्या कागदाचे उरलेले तुकडे यासाठी झकास. वरच्या कडेपासून इंचभर खाली स्टेपल करा, खालचं टोक दगडाच्या ओळीवर मोकळं सोडा. तळाला प्लास्टिक अजिबात नको, वाफ्याचा तळ उघडाच हवा. गांडुळांना वर यायचंय आणि पाण्याला खाली जायचंय. घुशींचा त्रास असेल तर तळाला अर्धा इंची जीआय जाळी अंथरा. आमच्या भागात घूस आहे, मी अंथरली.

भरण

जिल्ह्याचा पश्चिम भाग लाल मातीचा, शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी. नुसती काळी माती वाफ्यात घातली तर पावसाळ्यात तिचा गोळा होतो आणि मार्चमध्ये बोट जाईल अशा भेगा पडतात. नुसती लाल घातली तर पाणी धरत नाही. मिळाला तर नदीकाठचा पोयटा, नाहीतर लाल जास्त आणि काळी थोडी.

तळाला चार इंच उसाचं पाचट, तुडवून बसवलेलं. त्यात चिपाडंही चालतील. पण कोरडं पाचट कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि वरची रोपं पिवळी पडतात. शेतकरी शेतात पाचट कुजवताना टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक टाकतात. आपल्या वाफ्यात दहा-बारा किलो पाचट बसेल, त्याला मूठभर युरिया आणि दोन मुठी सुपर फॉस्फेट झालं. रासायनिक काही नको असेल तर शेणाचा दाट काला करून पाचटावर ओता.

त्यावरचा थर एकोणीस-वीस घनफुटांचा. घनफुटाला दोन घमेली धरा, म्हणजे चाळीस. वीस घमेली माती, तेरा घमेली कुजलेलं शेणखत, सात घमेली भाताचं तूस किंवा कोकोपीट. जमिनीवर ताडपत्रीत तीनदा खालीवर करून मिसळा, थर देऊन नव्हे. वरची दोन इंच रिकामी सोडा.

शेणखत हातात घेऊन बघा. काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते, पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. ढीग उपसताना दिसल्या तर वेचून काढा. साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळी, मिळालं तर उत्तम, पण जुनं. ताजं प्रेसमड गरम असतं, मुळं भाजतात.

आणि एक खास कोल्हापुरी इशारा. आपल्याकडं फौंड्र्या भरपूर, त्यांची टाकाऊ काळी वाळू ट्रॉलीनं स्वस्तात, कधी फुकट मिळते. "निचऱ्याला चांगली" म्हणून कोणीतरी सुचवतंच. साच्यांच्या त्या वाळूत बेंटोनाइट असतं, कोळशाची पूड असते, रेझिन असतं. रस्त्याच्या भरावाला ती कुठंही जाऊ दे, भाजीच्या वाफ्यात नको.

भरून झालं की भरपूर पाणी द्या, दोन दिवस थांबा, पुन्हा द्या. माती दोन-तीन बोटं खाली बसेल. वरून भर घाला.

पाणी

झारीनं किंवा पाइपनं देत असाल तर तोंड अंगणाकडं, कुंपणावर फवारा जाता कामा नये. सगळ्यात सोपं म्हणजे ठिबकची सोळा मिलीची एक नळी वाफ्याच्या मधून, फूटभर अंतरावर ताशी चार लिटरचे दहा ड्रिपर. अर्ध्या तासात वीस लिटर पाणी जातं. एप्रिल-मेमध्ये रोज, थंडीत दोन दिवसांआड. पावसाळ्यात नळी गुंडाळून वर टांगा. पण ठरलेल्या वेळेवर विसंबू नका, बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर आज सुट्टी.

नदीकाठच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना जुलैत राजाराम बंधाऱ्यावरचे 39 आणि 43 फूट हे इशारा आणि धोका पातळीचे आकडे पाठ असतात. तिथं वाफा बांधलात आणि पुराचं पाणी वर चढलं तर उभी पालेभाजी काढून टाका, धुऊनही खाऊ नका. गाळ सुकल्यावर खरवडा, माती महिनाभर उन्हात उघडी ठेवा, मगच पुन्हा लावा.

काय लावायचं

मृगावर मिरची आणि वांगी. मिरची दीड फुटावर, वांगी दोन फुटांवर, म्हणजे दहा फुटांत पाचच वांगी. सहावं लावायचा मोह होतो, लावू नका. मधल्या जागेत भेंडी किंवा गवार टोचा. जुलैच्या झडीत मेथी-कोथिंबीर सडते. गणपतीत पाऊस उघडला की कोथिंबीर टाका, दिवाळीच्या आगेमागे मेथी, पालक, मुळा, लसूण. पांढऱ्या रश्श्याच्या रविवारी दारातली कोथिंबीर तोडून आणायची म्हणजे आमच्याकडं थोडा रुबाबच.

उंच झाडं मागं, बुटकी पुढं, हे कुंपण उत्तरेला असेल तर. दक्षिणेला असेल तर उलटं करून उपयोग नाही, सावली कुंपणाचीच आहे.

वेलांचं मात्र स्वतंत्र सांगतो. दोडका, कारलं, घेवडा लावला की पहिला विचार येतो कुंपणावर चढवायचा. दुधी भोपळा चढला की पानं भिजून जड होतात, वारा भरतो, कुंपणाची शिडासारखी गत होते आणि फळ्या पावसाळाभर ओल्या राहतात. मग नऊ इंचांच्या फटीचा सगळा खटाटोप वाया. वेलाला वाफ्याच्याच मागच्या खांबांना बांबू बांधा, त्यावर नायलॉनची जाळी. बांबू कुंपणापेक्षा फूटभर उंच ठेवा आणि शेंडे पलीकडं काकूंच्या अंगणात झुकू लागले की खुडा. किंवा खुडू नका, काकूंना आधी विचारा. आमच्या काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की, दोडकं तेवढं आमचं."

देखभाल

महिन्यातून एकदा फटीतून खराटा फिरवा आणि दगडांच्या ओळीवर नजर टाका. मातीची नळी दिसली तर ब्रशनं खरवडून काढा आणि आठवड्यानं पुन्हा बघा. पुन्हा त्याच जागी आली तर वाळवीचं घर जवळच आहे, ते शोधा. भाजीच्या वाफ्याजवळ वाळवीचं औषध ओतू नका.

दिवाळीनंतर दरवर्षी माती एक-दोन बोटं खाली गेलेली असते, चार-पाच घमेली शेणखत वरून घाला. उकरू नका, गांडुळं बघून घेतात. समोरच्या आणि टोकांच्या फळ्यांना उन्हाळ्यात तेलाचा एक हात. कड्यांच्या तारा तिसऱ्या वर्षी माती बाजूला करून तपासा, सैल असतील तर तोच खिळा आणखी दोन पीळ.

आमच्या वाफ्याची पुढची खालची फळी गेल्या पावसाळ्यात एका टोकाला मऊ झाली. आठ स्क्रू काढले, ती फळी सरकवून काढली, नवी बसवली. अर्धा तास लागला आणि बुट्टीभर माती सांडली. मागच्या कुंपणाला हातही लावावा लागला नाही.